पऱ्हाटीपलीकडचे पतंग

यवतमाळात पतंग मोजतात ते पऱ्हाटीत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज सरासरी आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीवर फवारणी करायची, ही शिफारस इथे ओळखीची आहे. मोजून मग फवारणं मला पटतं. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले, तेव्हा एक फवारा वाचला तरी थोडं नाही. पण हा सापळा एकाच जातीचे नर ओढतो, बाकीच्यांबद्दल तो मुका. म्हणून पोळ्यानंतर बगीच्यात रात्री पांढरी चादर बांधून दिवा लावावा आणि जे येईल ते सगळं लिहावं, असं माझं म्हणणं आहे.

संत्र्यातला रस शोषणारा पतंगच घ्या. बसला की वाळकं पान. पुढचे पंख हलले की खालून नारिंगी रंग आणि त्यावर काळे डाग. सोंड इतकी टणक की पिकत्या फळाची साल भोकसते, मग तिथे बुरशी शिरते आणि फळ गळतं. त्याची अळी मात्र संत्र्यावर सापडायची नाही. ती वाढते धुऱ्यावरच्या गुळवेलीवर, वासनवेलीवर. नुकसान बगीच्यात, पाळणा कुंपणात! हा दिव्याला फारसा भुलतही नाही. दिवेलागणीनंतर बॅटरी घेऊन फळांवरच शोधावा लागतो. म्हणजे चादरही पुरी पडत नाही, हे कबूल.

चांदण्या रात्री आकडा घटतो, पावसाने बिघडतो, मग अशा वहीला अर्थ काय, असं कोणी म्हणेल. तिथी, पाऊस, वारा लिहा; दिवा, जागा, वेळ तीच ठेवा; काहीच आलं नाही तर शून्यही लिहा. मग आकडे एकमेकांशी ताडता येतात. दिव्याने कीड ओढली जाईल ही भीती रात्रभर जळणाऱ्या अंगणातल्या बल्बबद्दल बाळगावी, तासाभराने विझणाऱ्या दिव्याबद्दल नाही. ओळख पटवण्याचा आक्षेप खरा जड आहे. बारके राखाडी पतंग फोटोवरून जाणकारांनाही सांगता येत नाहीत. तिथे ‘बारका, राखाडी’ एवढंच लिहावं. ओढूनताणून दिलेलं नाव पुढची सगळी वही नासवतं.

रस शोषणाऱ्या पतंगासाठी बगीच्याभोवतीची गुळवेल काढा, असं सांगितलं जातं. कोरोनापासून तीच वेल लोकांनी औषध म्हणून घरोघरी चढवली आहे. आपल्या बगीच्यात हा पतंग कधी येतो, किती येतो, हे लिहिलेलं असेल तरच ती तोडायची की राहू द्यायची याचा वाद घालण्यात अर्थ आहे.