मावशी, पाणी

धाराशिवच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक मटण खानावळ आहे. आठ टेबलं, भिंतीवर दरपत्रक, गल्ल्याशेजारी बडीशेपेची वाटी. माझी आई २००३ पासून तिथं वाढायचं काम करते. हे मी आजवर कुठल्याही फॉर्मवर लिहिलेलं नाही. अकरावीच्या ॲडमिशनपासून पुण्यातल्या कंपनीच्या जॉइनिंगपर्यंत ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी एकच शब्द लिहीत आलो : गृहिणी.

वडील मार्केट यार्डात हमाल होते. पाठीवर पोतं असताना पाय घसरला आणि कंबर कायमची गेली. मी तेव्हा सात वर्षांचा, बहीण चार. आई आधी खानावळीत भांडी घासायला लागली. दिवाळीच्या तोंडावर वाढणारा पोरगा न सांगता गावाकडं निघून गेला, तेव्हा मालक म्हणाले, “अक्का, आजच्या दिवस वाढा.” ती अजून वाढतेच आहे.

दुपारी अकरा ते चार, संध्याकाळी सात ते दहा. डाव्या हातावर भाकरीची चवड, उजव्या हातात रश्श्याचं भांडं. आमच्याकडची उस्मानाबादी शेळी देशभर नावाजलेली, त्यामुळं काळं मटण खायला लांबून लोक येतात. कोर्टाच्या तारखेला आलेले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, भरतीची तयारी करणारी पोरं. कोणत्या टेबलावर किती भाकरी जादा गेल्या, हे आई कागदावर लिहीत नाही. गिऱ्हाईक उठलं की गल्ल्याकडं बघून ओरडते, “चार नंबर, दोन ताट, तीन भाकरी जादा!” चुकलेलं मी ऐकलं नाही. नवरात्रात मात्र लोकांचे उपास, खानावळ थंड. त्या नऊ दिवसांत अर्धा रोज.

तिथल्या पोराला लोक “ए पोऱ्या” म्हणतात, आईला “मावशी”. मला लहानपणी त्याचं बरं वाटायचं. आता वाटतं, या शब्दात एक सोय आहे. पोऱ्याला निदान नोकर म्हणून पगार वाढवून मागता येतो. मावशी घरची, तिच्या पगाराची चौकशी कोण करणार? पोऱ्याच्या हातावर लोक दहा रुपये ठेवतात. मावशीच्या हातावर ठेवायला संकोचतात, मग कुणीतरी बडीशेपेच्या वाटीखाली नोट सरकवून जातं. लग्नात पंगतीला वाढतो तो वाढपी. हॉटेलात रोज वाढणाऱ्या बाईला आमच्याकडं शब्दच नाही. गावाचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, आईच्या कामाला अजून नाव मिळायचंय.

पण तिला सगळ्यात वाईट ‘मावशी’ मी म्हणालो.

२०१६ ची गोष्ट. मी सोलापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. चार मित्र धाराशिवची लेणी बघायला म्हणून माझ्यासोबत आले. परतताना त्यांना काळं मटण खायचं होतं. मी दुसरी खानावळ सुचवली, तिथं जागा नव्हती. तीन वाजले होते. आई चारला सुटायची.

ती टेबलापाशी आली. मी दरपत्रकाकडं बघत बसलो. तिला किती वेळ लागला असेल समजायला? पोरांना विचारतात तसं तिनं सगळ्यांना मिळून विचारलं, “काय आणू?” माझ्याकडं वेगळं बघितलं नाही. जेवताना मला ठसका लागला आणि माझ्या तोंडून गेलं, “मावशी, पाणी.” तिनं जग आणून ठेवला.

निघताना आमच्यातल्या चष्मेवाल्यानं वाटीखाली वीस रुपये ठेवले.

पुढच्या महिन्यात मी घरी गेलो. दोन दिवस धाकधूक होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, “तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राला लई तिखट लागलं का रं?” मी उठून बाहेर गेलो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. मी पुण्याहून घरी आलो, बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलो. माझा पगार एक तारखेला येत राहिला. आईचा बंद झाला. मालकांनी ज्वारीचं पोतं पाठवलं, ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण ती तिथं कामाला आहे असं सांगणारा एकही कागद नव्हता. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नव्हती, नुसतं कळवायचं. खानावळीत सहाच माणसं.

प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. हे वाचलं तेव्हा मला आधी आईचा एकटेपणा दिसला. आमच्या स्टँडभोवती किती जणी वाढत असतील, त्यांची एकमेकींशी ओळखही नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल सुरू झालं. मी आईचा फॉर्म भरायला बसलो. व्यवसायांची यादी उघडली. ती पाठीमागून डोकावली, “ह्यात मी कुठं हाय?” मी शोधून दाखवलं : वेटर, गट ५१३१. तिनं बोट ठेवून आकडा वाचला. अनुभवाची वर्षं विचारली तेव्हा मी अठरा टाकत होतो. ती म्हणाली, “सतरा लिही. कोरोनाचं वरीस धरू नको.”

बहीण आता नर्स आहे. तिनं स्वतःच्या बायोडेटात सरळ लिहिलं : आई हॉटेलात वाढायचं काम करते. त्यावरून एक स्थळ परत गेलं, तिनं ओळ बदलली नाही. आता माझा बायोडेटा बनतोय. मामा म्हणतात, गृहिणी लिही, कोण बघायला जातंय. मी आईला काम सोड म्हणतो. ती म्हणते, “मला घरी बसवून काय करायलास? लाज तुला हाय, मला न्हाई.”

बायोडेटात मी ती ओळ लिहिली आहे. त्या चार मित्रांना मात्र अजून सांगितलेलं नाही. त्यातला चष्मेवाला हे बहुतेक वाचेल.

मित्रा, वाटीखालचे तुझे वीस रुपये माझ्या आईला मिळाले. आणि तुला तिखट लागलं होतं का, तेवढं कळव. तिला उत्तर द्यायचं राहिलंय.