८५२४

पनवेलच्या एका हापिसात नवा सर्व्हर बसवला आणि आठवड्याभरात इव्हेंट लॉगमध्ये लाल खुणांची रांग. तीच ती २०८७. रेपअॅडमिनला विचारावं तर ८५२४. जुन्या सर्व्हरवरची अॅक्टिव्ह डिरेक्टरी नव्यावर उतरेचना. जुन्याची डिस्क कुरकुरत होती. ती गेली असती तर आठवड्यातली नवी खाती, बदललेले पासवर्ड, सगळं गेलं असतं. बसवणारा म्हणाला, "फॉरमॅट मारू." म्हटलं, थांब रे बाबा!

(आत्या नेहमी विचारते, तू नक्की करतोस काय? आत्या, हे करतो.)

डिरेक्टरी आपला जोडीदार शोधते डीएनएसला विचारून. आणि नंतर कुणीतरी, इंटरनेट चालावं म्हणून, नव्या सर्व्हरला इंटरनेटवाल्याचा डीएनएस दिलेला. म्हणजे लाइन आळीतलं घर दिल्लीच्या पोस्टमनला विचारायचं! इंटरनेट झकास, त्यामुळे संशय कुणालाच नाही. तिथे जुन्या सर्व्हरचा पत्ता घातला, इंटरनेटवाल्याला फॉरवर्डरमध्ये बसवलं, नेटलॉगऑन पुन्हा सुरू केलं. "असू दे पर्यायी" म्हणून ८.८.८.८ सुद्धा तिथे ठेवू नये, हे माझं ठाम मत.

पुन्हा रेपअॅडमिन. शून्य चुका. चहा घेऊन आलो, परत पाहिलं. शून्य. डिस्क कुरकुरतच होती. म्हटलं, आता कुरकुर हवी तेवढी.