कळंतर आणि नंदादीप

डिचोलीचे आमचे मामा निवृत्त शिक्षक. जन्मभर त्यांनी मुलांना सरळव्याज शिकविले आणि स्वतःच्या व्यवहारातही सरळव्याजापलीकडे कशावर विश्वास ठेवला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ते आमच्या दफ्तरात आले, तेव्हा त्यांच्या हातात मुदत संपलेली बँकेची एक ठेवपावती होती. रक्कम दोन लाखांची. एरवी दोन लाखांच्या पावतीचे कोणाला अप्रूप वाटू नये; परंतु ही पावती आमच्या आजीची होती. आजी पेडण्याची माहेरवाशीण. आयुष्यभर गाठीस बांधलेले पैसे तिने जाण्यापूर्वी मामांच्या स्वाधीन केले आणि सांगितले की, याच्या व्याजातून पेडण्याच्या श्रीभगवतीच्या नंदादीपासाठी दरवर्षी तेल द्यावे. मुद्दल मात्र मोडू नये.

मामांनी दूरचित्रवाणीवर ऐकले होते की रिझर्व्ह बँक व्याजदर उतरविणार. त्यांची चिंता रास्त होती. सात टक्क्यांनी चौदा हजार येतात. दर सहावर आला तर बारा हजारच. मामांनी कोकणीत विचारले, "कळंतर देंवतलें म्हण्टात. मागीर शेअर चडटले न्हय?"

कोकणीत व्याजाला कळंतर म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही व्याजाला कलांतर हाच शब्द आहे. व्युत्पत्ती काहीही असो, आमच्या कानाला त्यात ‘काळ’ ऐकू येतो, आणि व्याज म्हणजे काळाचे मोल हे तर खरेच. पण त्या दिवशी आमचे लक्ष शब्दाकडे नव्हते, स्वतःच्या शहाणपणाकडे होते.

आम्ही मामांना कुळागराचे उदाहरण दिले. एखाद्या कुळागराचे निव्वळ उत्पन्न वर्षाला एक लाख आहे. बँक आठ टक्के व्याज देत असेल तर साडेबारा लाख ठेवून तेवढेच उत्पन्न घरबसल्या मिळते, म्हणून कुळागराची किंमत साडेबारा लाख. बँक पाचच टक्के देऊ लागली तर त्याच उत्पन्नासाठी वीस लाख ठेवावे लागतील. माड तेच, पोफळी त्याच, पाटाचे पाणी तेच. किंमत मात्र साडेसात लाखांनी वाढली. भूसंपादनाच्या खटल्यांत नुकसानभरपाईचा असा हिशेब आम्ही अनेकदा मांडला आहे. समभाग म्हणजे तरी काय, कंपनीच्या पुढील उत्पन्नातला वाटाच. व्याज उतरले की त्याची किंमत चढणार. मामांना हिशेब पटला. गुरुवारी, ६ फेब्रुवारीला, आजीचे दोन लाख सेन्सेक्सशी बांधलेल्या एका म्युच्युअल फंडात गेले.

शुक्रवारी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहावर आणला. मे २०२० नंतरची ही पहिली कपात. आणि सेन्सेक्स सुमारे दोनशे अंशांनी उतरला.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "कळंतर देंवलें, आनी शेअरूय देंवले? हें कशें?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. वास्तविक ते आमच्याच तालुक्यात पडलेले होते. मोपाच्या विमानतळाची पायाभरणी २०१६ साली झाली आणि प्रवासी विमाने ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. पण पेडणे तालुक्यातील भरडाचे दर काही विमान उडण्याची वाट पाहत थांबले नव्हते. विमानतळ येणार ही बोलवा जसजशी पक्की होत गेली तसतशी विक्रीखते आमच्या टेबलावर येत गेली आणि प्रत्येकात आकडा मागच्याहून मोठा. आमच्या एका अशिलाने विमान उतरण्याच्या दिवसापर्यंत जमीन धरून ठेवली आणि त्या आठवड्यात उत्साहाने येऊन विचारले की, आज भाव किती चढला? तो चढायचा तेवढा आधीच चढून बसला होता.

मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर दुसरे काय होते? तिथे दरावर सौदे होत नाहीत, दराच्या अपेक्षेवर होतात. रिझर्व्ह बँकेची सहा जणांची पतधोरण समिती साधारण दोन महिन्यांनी बसते. तिच्या बैठकीपूर्वी आठवडेच्या आठवडे बाजार तिचा निकाल स्वतःच लावून मोकळा झालेला असतो. पाव टक्क्याची कपात सर्वांनी धरलेली होती. ती तेवढीच आली, बाजाराला नवे काही मिळाले नाही, आणि अधिकाची आशा धरणारे विक्रीला लागले.

याची दुसरी बाजू ४ मे २०२२ ला दिसली होती. त्या दिवशी कोणतीही बैठक जाहीर नसताना दुपारी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी रेपो दर चारवरून ४.४० वर नेला. वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण ध्यानीमनी नसताना आलेली. सेन्सेक्स तेराशेहून अधिक अंशांनी कोसळला. २०१३ चा प्रसंग तर याहून विलक्षण. त्या वर्षी २२ मे रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के एवढेच म्हणाले की, रोखेखरेदीचा वेग पुढे कमी करता येईल. व्याजदराला त्यांनी हातही लावला नव्हता. तरी ऑगस्टअखेर आपला रुपया डॉलरला ६८ च्याही खाली घसरला. न्यायालयात निकालापूर्वी न्यायमूर्तींच्या एका प्रश्नावरून पक्षकार पेढे वाटताना किंवा रडताना आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही हसत असू.

असो. मामांचे पैसे त्या घसरणीतच थांबले नाहीत. अमेरिकेच्या आयातकराच्या धमक्या, परदेशी गुंतवणूकदारांची विक्री, यांनी फेब्रुवारीभर बाजार खालीच जात राहिला. व्याजदराचा शास्त्रार्थ सांगताना जगात इतरही काही घडत असते, हे आम्ही मामांना सांगितलेच नव्हते. २८ फेब्रुवारीला एका दिवसात चौदाशे अंश गेले. त्या दिवशी मामांनी सर्व रक्कम काढली. बारा हजारांच्या वर तूट आली होती. जवळजवळ एका वर्षाचे तेल.

ती तूट आम्ही भरून देऊ लागलो. मामांनी निम्मीच घेतली. म्हणाले, आईने मुद्दल मोडू नकोस असे मला सांगितले होते, तुला नव्हे. मार्चमध्ये दोन लाख पुन्हा बँकेत गेले.

६ जूनला रिझर्व्ह बँकेने पाव टक्का अपेक्षित असताना अर्धा टक्का कपात केली आणि सेन्सेक्स सुमारे साडेसातशे अंशांनी उसळला. मामांचा फंड तसाच राहिला असता तर तोटा भरून वर काही उरलेही असते. हे आम्ही मामांना बोललो नाही. दूरचित्रवाणीवर त्या दिवशी सारे आनंदी चेहरे होते. व्याजावर चूल चालविणारे निवृत्त, विधवा, देवाच्या तेलासाठी ठेव ठेवणारे, यांचा चेहरा काही तिथे दिसला नाही. नव्या ठेवींचे दर बँका लागलीच उतरवू लागल्या होत्या. आणि दर उतरविण्याचे कारण काय, तर महागाई उतरली! त्याच वर्षी खोबरेल तेल मात्र कडाडले होते.

२०२५ च्या कोजागिरीला आम्ही मामांना घेऊन पेडण्याच्या पुनवेला गेलो. तेलाचा डबा त्यांनी देवळात पोचविला. दरवर्षीपेक्षा तो लहान होता, पण त्यावर ते काही बोलले नाहीत. देवळासमोरच्या दगडी हत्तींपाशी गर्दीत वाट काढताना त्यांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारले की, ती सहा जणांची समिती आता पुन्हा केव्हा बसणार?

डिसेंबरात, आम्ही म्हणालो.