मुका फोन

पुतण्या काम करतो ती कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत पाहण्यास आम्ही गेलों. नांव ऐकून कोणी उपाहारगृहें शोधूं नयेत. येथें कारखानेच कारखाने! घरीं कुटुंब तापानें अंथरुणावर. निरोप द्यावा म्हणून मुलीनें अमेरिकेंतून धाडलेला फोन काढला, तों आमचें सिम तो जुमानीना.

पुतण्या हंसला. "काका, हा तिकडच्या कंपनीच्या कुलुपांत आहे. घेतांनाच कुलूपमुक्त पाहावा. शिवाय इकडच्या लहरी तो पकडतो काय, हेंही पाहावें. जिओला तर २जी नाहींच. व्होल्टी नसल्यास बोलणें खुंटलें. अमेरिकेंतल्या आयफोन १४ ला (२०२२) सिमची खांचसुद्धां नाहीं!"

अखेर फाटकावरील पहारेकऱ्याच्या बटणांच्या फोनवरून घरीं बोललों. ताप उतरला होता.