न खुडलेला शेंडा

तंबाखूच्या शेतात फूल कुठंच दिसत नाही, हे परवा निपाणीहून येताना एकदम जाणवलं. रुंद पानांची हिरवीगार शिवारं, आणि टोकाला काहीच नाही. कळी धरली की शेंडा खुडतात. मग झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो. मुळं निकोटिनही जास्त तयार करतात आणि तेही पानांत चढतं. बिडीच्या तंबाखूचा कडकपणा असा कमावलेला असतो. बियाण्यासाठी राखलेली मोजकी झाडं तेवढी फुलतात, फिकट गुलाबी.

मावशीचं शेत याच पट्ट्यातलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पोरं तिच्यामागून सरीसरीनं हिंडायचो. एका हातानं ती शेंडा मोडायची, दुसऱ्यानं पानाच्या बगलेतली फूट काढायची आणि तोंडानं आम्हाला रागवायची, पानं फाडू नका म्हणून. एक पान फाटलं तरी तिचा चेहरा उतरायचा. दुपारपर्यंत बोटांवर चीक चढायचा. आधी पिवळट, मग काळा, डांबरासारखा चिवट. राखेनं घासा, चिंचेनं घासा, जात नसे. त्या हातांनी भाकरी मोडली की पहिला घास कडूजहर. मावशी मात्र मुकाट्यानं खायची. खुडलेले शेंडे सरीत पडून उन्हानं मलूल होत. त्यातलाच एक, जरा उमललेला, मी केसांत खोवला, तर तिनं तो उपटून फेकला. "तंबाकूचं फूल कुठं माळत्यात व्हय गं?" स्वतः रोज अबोली माळणारी बाई ती.

त्याच कुळातलं झाड आता मी केवळ फुलांसाठी वाढवते. निकोटियाना अलाटा, मूळचं दक्षिण ब्राझील आणि उत्तर अर्जेंटिनाकडचं. बी धुळीइतकं बारीक. मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही. ते उजेडात रुजतं. पाऊस सरल्यावर पेरलं की पुण्याच्या थंडीत फुलावर येतं. पानं, देठ सगळं चिकट. चिलटं अडकून बसतात. दिवसा झाड बघवत नाही, पांढरी फुलं मिटून लोंबत असतात. ऊन कललं की ती उघडतात आणि गॅलरी वासानं भरून जाते. नर्सरीतले ठेंगणे, रंगीबेरंगी, दिवसभर उघडे राहणारे संकर मला नकोतच. रंगाच्या नादात त्यांचा वास बहुतेक गेला. तंबाखूचं फूल लावायचं तर रात्रीसाठीच लावावं. त्याचा मध लांब नळीच्या तळाशी असतो, आणि तिथवर पोचते ती हॉक मॉथ पतंगाची सोंड. तो फुलावर बसत नाही; समोर हवेत थरथरत पितो.

अमेरिकेत युटाच्या वाळवंटात या झाडाचा एक रानटी भाऊबंद आहे, निकोटियाना अटेन्युआटा. तिथं रात्री पराग वाहणारा पतंगच पानांवर अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या झाड ओरबाडून खातात. अळ्या अंगावर आल्या की हे झाड बऱ्याच कळ्या संध्याकाळी उघडायच्या सोडून सकाळी उघडू लागतं. शास्त्रज्ञ इयान बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली हे दाखवून दिलं. सकाळच्या या फुलांवर हमिंगबर्ड येतात. ते पराग नेतात, अंडी मात्र घालत नाहीत. मुळं रोवून एका जागी उभं असलेलं झाड आपला पाहुणा बदलतं, आणि त्यासाठी फक्त उमलायची वेळ बदलतं!