गोचीड आणि शेजारधर्म

शेतकऱ्याच्या घरी गुरे म्हणजे केवळ मालमत्ता नव्हे. दुधावर मुलांच्या शाळेचा खर्च निघतो, बैलांच्या बळावर पेरणी होते आणि अडीनडीला एखादे वासरू विकून वेळ निभावून नेता येते. गुराला मोठा आजार झाला, तर आपण धावपळ करतो. परंतु त्याच्या अंगाला चिकटलेल्या गोचिडीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. "गुरे तेथे गोचीड असायचीच," असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. या क्षुद्र जिवामुळे संसाराची घडी कशी विस्कटते आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत कशी तेढ पडते, हे मी माझ्या धर्मग्रामात पाहिले आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

खानापूर तालुक्यात रानाला लागून असलेल्या आमच्या एका वाडीत एक विधवा भगिनी राहते. दोन मुलांचे शिक्षण व्हावे म्हणून तिने सोसायटीचे कर्ज काढून संकरित गाय घेतली. चौथ्या महिन्यात, ऐन पावसाळ्यात, गाईने वैरण सोडली. अंग तापले, खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी झाली, दूध आटले. घरगुती उपचारांत पाच दिवस गेले आणि सहाव्या दिवशी गाय गेली. कर्जाचे हप्ते मात्र राहिले.

शेजारच्या गोठ्यातील गावठी गाईंच्या अंगावर गोचिडी लोंबत असत. दुःखाच्या भरात या बाईने त्यांच्याकडे बोट दाखविले. "भाऊजींच्या गाईंनीच माझी गाय खाल्ली, फादर," असे ती रडत सांगे. शेजारी म्हणे, "फादर, आमच्या गाई त्याच गोचिडींत जन्मल्या नि वाढल्या. त्यांना काही होत नाही. मग वहिनींच्या गाईला आमच्यामुळे कसे होईल?" एकाच विहिरीचे पाणी भरणारी ही दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

पुढे वाडीतील एका कालवडीला तसाच ताप आला. या वेळी पशुवैद्यांना लगेच बोलाविले. त्यांनी रक्त तपासून इंजेक्शन दिले आणि कालवड वाचली. या रोगाला थायलेरिओसिस म्हणतात, असे त्यांनी सांगितले. गावठी गाय हा ताप बहुधा सोसून जाते. तथापि त्याचे जंतू तिच्या रक्तात राहू शकतात. गोचिडीचे पिलू ते रक्त पिते, तृप्त होऊन खाली पडते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि मग दुसऱ्या जनावराला चिकटते. ते जनावर संकरित असले, तर त्याच्या जिवावर बेतते. म्हणजे दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे सत्य होते. आणि त्या दोन गोठ्यांच्या मधली मातीची भिंत एकच होती!

गुराच्या अंगावर दिसतात, तेवढ्याच गोचिडी गोठ्यात असतात, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी गुराच्या अंगावरून गळून पडते, आडोशाला दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली सहा पायांची बारीक पिले गवताच्या शेंड्यावर किंवा भिंतीवर चढून गुराची वाट पाहत बसतात. काही जातींची गोचीड एकदा चढली, की सुमारे तीन आठवडे त्याच गुरावर राहून वाढते. म्हणूनच आज औषध फवारले, गूर स्वच्छ दिसले, तरी महिन्याभरात गोचीड पुन्हा हजर होते. मग आपण औषधाला बोल लावतो.

एका घराच्या खटपटीने हे संकट टळत नाही, याला इतिहासही साक्ष आहे. अमेरिकेत गुरांच्या एका तापाने हाहाकार उडविला होता. तो गोचिडीमुळे पसरतो, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली सिद्ध केले. पुढे 1906 मध्ये तेथील सरकारने औषधी पाण्याचे हौद बांधून गावोगावची सर्व गुरे दर पंधरवड्यास त्यांतून न्यावयास लावली. लोकांनी विरोध केला. काही ठिकाणी हौद सुरुंगाने उडविले. अखेर 1943 पर्यंत, मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडल्यास, ती गोचीड त्या देशातून हटली. एकाने गुरे धुवावीत आणि दुसऱ्याने न धुवावीत, असे चालले असते, तर ते घडले नसते.

आमच्या वाडीने हौद बांधले नाहीत. पण एक दिवस मात्र ठरविला. रविवारच्या मिस्सानंतर सर्व घरांनी एकाच वेळी गोठे झाडून काढले, भेगा माती-चुन्याने लिंपल्या आणि शेणाचे उकिरडे गोठ्यापासून दूर नेले. कानांच्या आत, मानेखालच्या पोळीत, कासेभोवती आणि शेपटीच्या मुळाशी शोधून गोचिडी काढल्या. त्या हातांनी न चिरडता साबणाच्या पाण्यात बुडविल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच औषध कालवून गुरांवर आणि भिंतींवर फवारले. गुरे अंग चाटतात, म्हणून त्यांना आधी पोटभर पाणी पाजले. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना हेच पुन्हा केले.

वाडीत वरातीचा घोडा पाळणारे एक गृहस्थ आहेत. "गाईला चालते, ते घोड्यालाही चालेल," म्हणून ते तेच औषध घेऊन निघाले होते. डॉक्टरांनी त्यांना वेळीच थांबविले. त्या औषधात अमिट्राझ होते. त्याने घोड्याची आतडी मंदावतात आणि पोटशूळ होऊन तो दगावू शकतो. घोड्यासाठी निराळे औषध मिळाले. पिकांवरचे कीटकनाशक गुरांवर कधीही मारू नये. औषध पातळ करून पुरवू नये, किंवा वर्षानुवर्षे एकच वापरू नये. त्याने गोचीड निर्ढावते, असे आपल्या देशात अनेक ठिकाणी आढळले आहे. इंजेक्शन दिले असेल, तर दूध किती दिवस वापरू नये, हेही विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट रानालगतच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. माकडताप हा माणसांचा रोग रानातल्या गोचिडींमुळेच होतो. 1957 साली तो शिवमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. 2015 मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि 2016 मध्ये दोडामार्गात पोहोचला. रानात गुरे चारणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, घरी येताच ऊन पाण्याने आंघोळ करावी आणि ताप आल्यास रानात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आमच्या वाडीतील गोचीड समूळ गेली, असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या पावसाळ्यात ती पुष्कळ कमी झाली आणि एकही गूर तापाने गेले नाही. त्या भगिनीचे कर्ज अजून फिटावयाचे आहे. मात्र दोन गोठ्यांमधली ती भिंत लिंपताना अलीकडून ती आणि पलीकडून तिचे शेजारी राबत होते. चुना संपला, तेव्हा तिने भिंतीवरून हाक मारली, "भाऊजी, थोडा चुना उरला आहे का?" पलीकडून घमेले पुढे आले. वाचकहो, आपल्या गोठ्याची एक भिंत शेजाऱ्याचीही असते. पावसाळा तोंडावर आहे. आपल्या वाडीचा दिवस आपणही ठरवावा.