चिनी बरणी आणि मुंबई बंदर

वाटणीचे दावे चालविणाऱ्या वकिलास जुन्या घरांतील जंगम मालाच्या याद्या पुष्कळ वाचाव्या लागतात. आमच्या बेळगाव, शहापूर, निपाणीकडील याद्यांत तांब्यापितळेची भांडी, शिसवी पलंग, देवघरातील समया यांच्यानंतर एक नोंद बहुधा सापडतेच : 'चिनी बरण्या, लहानमोठ्या, नग सहा.' जमिनीच्या हिश्शासाठी उच्च न्यायालयापर्यंत जाणारे भाऊ या बरण्यांसाठी भांडल्याचे आम्ही पाहिले नाही. भांडतात त्या जावा. लोणचे कोणत्या बरणीत टिकते हे त्यांनाच ठाऊक असते.

या बरण्या चीन देशातून आलेल्या असतात असे मुळीच नव्हे. आपल्याच देशातील भट्ट्यांत त्या भाजल्या गेल्या. आमच्या खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. परंतु वस्तू देशी झाली तरी नाव चिनीच राहिले. नाव हा पुरावा आहे, आणि पुरावा मिळाला की तो लावून पाहण्याची आम्हांस खोड आहे. मग दृष्टी फडताळातून मसाल्याच्या डब्याकडे वळते. तेथे दालचिनी आहे. वैद्याच्या बटव्यात चोपचिनी, रेवाचिनी आणि कबाबचिनी आहेत. यांतील प्रत्येक जिन्नस चीनमध्येच पिकतो असे नाही, पण ज्याने नाव दिले त्याला तो समुद्रापलीकडून, त्याच दिशेने येताना दिसला होता. कालिदासाला 'चीनांशुक' ठाऊक होते. आमच्या आजीला चोपचिनी ठाऊक होती.

चोपचिनीची कथा तर थेट गोव्यात येऊन पोहोचते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात या चिनी मुळीची सविस्तर चर्चा केली आहे. फिरंग्यांबरोबर जो रोग आला त्यावर ती दिली जाई. आमच्याकडे भावमिश्रानेही आपल्या 'भावप्रकाशा'त त्या रोगास 'फिरंग' म्हटले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. रोग पश्चिमेचा, औषध पूर्वेचे, आणि दोन्ही उतरली ती आपल्याच किनाऱ्यावर! मकाव बंदराचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या अधीन होता, हे ध्यानात घेतले म्हणजे चांदरच्या ब्रागांझा वाड्यात चिनी भांडी कशी आली याचे नवल वाटत नाही. 'चहा' हा शब्दही दक्षिण चीनमधील 'चा'चाच नातलग. पोर्तुगिजांनी तो मकावात उचलला. इंग्रजांची 'टी' फूकिएनच्या बंदरांतून डच जहाजांवर बसून गेली. कोंकणीतील 'च्या' तर मूळ उच्चाराला आमच्या मराठीपेक्षाही जवळ आहे, हे कोंकणी वाचकांना आम्ही सानंद कबूल करतो.

परंतु चीनचा खरा ठसा उमटला तो मुंबईवर. अमेरिकेत सेलम नावाचे एक लहानसे बंदर आहे. तेथील 'ग्रँड टर्क' हे जहाज १७८६ साली कँटनला पोहोचले आणि पुढील वर्षी चहा व चिनी भांडी घेऊन परतले. काही वर्षांतच तेथील खलाशांच्या घरांत चिनी बशा आणि लाखेची कपाटे दिसू लागली, आणि १७९९ साली तेथील नाखव्यांनी मंडळ स्थापून एक संग्रहालयही उभारले. त्या संग्रहालयास १८०३ साली एक तैलचित्र भेट मिळाले. चित्रातील गृहस्थ मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया, आणि चित्रकार चिनी! मुंबईचा माणूस, कँटनचा कुंचला, सेलमची भिंत. त्या काळच्या समुद्राचा नकाशा एवढ्या एका चित्रात येतो.

मुंबईने चीनला प्रथम कापूस दिला. त्यात आमचाही वाटा होता, कारण धारवाड-बेळगावकडील काळ्या जमिनीचा कापूस कुमठ्याच्या बंदरातून मुंबईस जाई व 'कुमठा' या नावानेच बाजारात ओळखला जाई. परत येताना जहाजे चहा, साखर, कापूर, भांडी आणि रेशीम आणीत. पुण्या-येवल्याच्या मागांवर जे कच्चे रेशीम चढे त्यातील पुष्कळसे चीनचे असे. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साड्या तर कँटनच्या कारागिरांनीच भरलेल्या. (मराठी वाचकाला गारा म्हटले की वळवाचा पाऊस आठवतो, पण हे वस्त्र अंगावर घेतले की ऊबच देते म्हणतात.) त्यांवर करकोचे आहेत, शेवंती आहे, पूल ओलांडणारी 'चीना-चीनी' जोडपी आहेत. ठिपक्यांच्या एका नक्षीला पारशी गृहिणीने 'कांदा-पापेटा', म्हणजे कांदे-बटाटे, असे नाव ठेवले. परक्या कलेला घरचे करून घेण्याची याहून सुंदर रीत आम्हांस ठाऊक नाही. सुरतेचे तीन भाऊ छोई नावाच्या चिनी उस्तादाकडे विणकाम शिकले म्हणून त्या कापडाला 'तनछोई' म्हणतात, अशी दंतकथा आहे. दंतकथा साक्षीला चालत नाही, पण ती ऐकावी.

आता या रेशमाची उलटी बाजू पाहिली पाहिजे. चहाचे मोल चुकते होई ते मुख्यतः अफूने. माळव्याची अफू प्रथम पोर्तुगिजांच्या दमणमधून आणि पुढे परवाना घेऊन मुंबईतून कँटनकडे जाई. जमशेटजी जीजीभाई (जन्म १७८३) तरुणपणी पाच वेळा चीनला जाऊन आले. १८०५ साली त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले, आणि त्याच जहाजावर त्यांची गाठ डॉक्टर विल्यम जार्डिन याच्याशी पडली. पुढे दोघांनी मिळून हाच व्यापार वाढविला. पारशांवर सारे ढकलून मोकळे होण्याची सोय मात्र नाही. जमशेटजींचे भागीदार होते मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. गोव्याचे रोजेरियू द फारिया हेही याच धंद्यातील बडे नाव. १८३९ साली चिनी अधिकारी लिन त्सेश्यू याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यांत मुंबईकरांचा माल थोडाथोडका नव्हता. युद्ध झाले, चीन हरला आणि १८४२ साली नानकिंगचा तह झाला. त्याच १८४२ साली जमशेटजी 'सर' झाले.

याच पैशाने १८४५ साली रुग्णालय उभे राहिले आणि जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांतून १८५७ साली कलाशाळा निघाली. आमच्या शेजारच्या कोल्हापूरचे धुरंधर तेथेच शिकले व तेथेच शिकवू लागले. आमच्या घरांच्या भिंतींवर त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती होत्या. एक मत असे की, तो काळच तसा होता, व्यापार कायदेशीर होता, सबब विषय संपला. दुसरे मत असे की, सारेच विषारी. आम्हांस दोन्ही पटत नाहीत. चीनच्या कायद्याने तो व्यापार निषिद्ध होता आणि हे व्यापाऱ्यांना माहीत होते. दानधर्म हा आरोपावरचा बचाव होऊ शकत नाही. तो शिक्षेच्या वेळी मांडावयाचा मुद्दा आहे. तेथे मात्र तो मांडलाच पाहिजे, आणि रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने तो मन लावून ऐकला पाहिजे.

चिनी माणसे आली ती निराळ्या वाटांनी. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्या कैद्यांनी तेथे बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून दाखविल्या. मुंबईत खलाशी आणि गोदीतील कामगार वसले. १९६२ च्या युद्धात कायदा असा झाला की, आईबाप किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी एक शत्रुराष्ट्राचा प्रजाजन होता एवढ्यावर माणूस परका धरता यावा. राजस्थानात देवळी येथील छावणीत सुमारे तीन हजार माणसे ठेवण्यात आली. त्यांतील बहुतेक आसाम-बंगालमधील. मुंबईतील अनेक कुटुंबेही पुढे देश सोडून गेली. आजोबांच्या जन्मस्थानावरून नातवाचे स्थान ठरविणारे कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले आहे. १९५६ नंतर आमच्या भागात कागदावरील रेषांची चर्चा घरोघर चालते, म्हणून ते अधिकच बोचले असेल.

माझगावात १९१९ साली बांधलेले त्यांचे एक देऊळ अद्याप आहे. कँटनजवळच्या चार परगण्यांतील लोकांनी ते उभारले. बाहेरून साधे घर, आणि वरच्या मजल्यावर तांबड्या-सोनेरी आराशीत ग्वान गुंग : तिसऱ्या शतकात होऊन गेलेला, दिल्या शब्दाला जागणारा सेनापती. चांद्र नववर्षाला शहरात उरलेली चिनी कुटुंबे तेथे उदबत्त्या लावण्यास जमतात. देवाला प्रश्न घालून काड्या हलवावयाच्या, आणि निघेल त्या काडीच्या आकड्यावरून उत्तर वाचावयाचे, अशी तेथे चाल आहे. कोकण-गोव्यातील वाचकांना कौल लावणे म्हणजे काय ते आम्ही सांगावयास नको.